बिनकामाची जागा

मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. कागदोपत्री तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. या जिजाऊ आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या. 12 जानेवारी 1598 रोजी लखुजीराव जाधवांच्या वाड्यात त्यांचा जन्म झाला. जिल्ह्यातून मुंबईला गेलेला माणूस पोराबाळांना घेऊन राणीच्या बागेत जातोच, आणि फाटकावरचे नाव वाचून त्याची मान जरा ताठ होते. आपल्या मातीतल्या लेकीच्या नावाने त्या गर्दीच्या शहरात, ऐन दाटीच्या वस्तीत, पन्नासहून अधिक एकरांची बाग आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या अभिमानामागून एक प्रश्न यायला हवा, तो सहसा येत नाही. खुद्द जिजाऊंच्या जिल्ह्यात, कुठल्याही तालुक्याच्या गावी, रिकाम्या खिशाने जाऊन तासभर नुसते बसता येईल अशा जागा किती?

बुलढाणा जिल्ह्यात पाहण्याच्या आणि दर्शनाच्या जागांना तोटा नाही. तोटा आहे तो बिनकामाच्या जागांचा. जिथे गेल्यावर ‘काय काम काढलं?’ असे कोणी विचारत नाही, ती बिनकामाची जागा. सार्वजनिक बागेचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे. फुलझाडे, कारंजी, घसरगुंड्या हा पुढचा भाग. या उणिवेला आपण हौसेमौजेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मला ती लोकशाहीच्या खात्यातली उणीव वाटते.

राणीच्या बागेचा जन्म काही लोकशाहीच्या पोटी झालेला नाही. मुंबई इलाख्यातल्या शेती आणि बागकामाला उत्तेजन देणाऱ्या साहेबी वळणाच्या एका संस्थेने ती उभारली. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली आणि व्हिक्टोरिया राणीचे नाव घेऊन उभी राहिली. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणलेली झाडे लावायची, त्यांची पैदास पाहायची आणि जमल्यास नेटिव्हांना थोडे वळण लावायचे, असा तो सगळा थाट. 1873 मध्ये ती संस्था बंद पडली आणि बाग नगरपालिकेच्या पदरात आली. 1890 मध्ये आणखी जमीन जोडून प्राणिसंग्रहालय झाले. तोवर भोवती गिरण्यांची धुराडी उभी राहत होती. भायखळा, लालबाग, परळ या पट्ट्यातला गिरणी कामगार सुट्टीच्या दिवशी दहा बाय बाराच्या खोलीतून बायकोपोरांना बाहेर काढून कुठे नेणार? तो राणीच्या बागेत गेला. साहेबाने बांधलेली बाग अशी वापराने लोकांची झाली.

त्या बागेचा आणि आमच्या जिल्ह्याचा धागा जिजाऊंच्या नावाच्याही आधीचा आहे. बाग खुली झाली तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या कापसात वऱ्हाडचा वाटा मोठा होता. आमच्या जिल्ह्यातले खामगाव पुढे कापसाची अशी पेठ झाली की जलंब ते खामगाव हा छोटासा रेल्वेफाटा 1870 मध्ये सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले. राणीच्या बागेच्या विटांत थेट वऱ्हाडी कापसाचा पैसा गेला, असे मी म्हणणार नाही. पण कापूस इथून गेला आणि त्याच्या जोरावर फुगलेल्या शहरात बागा, संग्रहालये, वाचनालये आली, हा क्रम नाकारता येत नाही. गाठी बांधणाऱ्या गावांना जिनिंग-प्रेसिंग मिळाले, रेल्वेचा फाटा मिळाला. गाठी उतरवून घेणाऱ्या शहराला सावली मिळाली.

सावली हे चैनीचे प्रकरण आहे का? एकच उदाहरण देतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परळच्या चाळीत राहणारा एक शाळकरी मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. घरी एका खोलीत सगळे बिऱ्हाड. अभ्यासाला कोपरा मिळायचा नाही. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक येत. रोज पुस्तकात डोके घालून बसणारा हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. विचारपूस झाली, पुस्तके मिळू लागली. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. तो मुलगा भीमराव आंबेडकर.

ही भेट आणखी कुठे झाली असती? शाळेत वर्गातली जागासुद्धा जात पाहून ठरत होती. देवळाचे दार बंद होते. केळुसकरांच्या घरी जायला आधी ओळख हवी, आणि ओळख व्हायला एकत्र येण्याची जागा हवी. बागेतल्या बाकाने ही अडचण सोडवली, कारण त्या बाकावर बसायला कोणाची शिफारस लागत नव्हती. बाग बांधणाऱ्याच्या डोक्यात हे काहीच नव्हते. पण बिनकामाच्या जागेत जे घडते ते कोणी आधी ठरवून घडत नाही. प्रत्येक इमारतीचा हेतू शिलेवर कोरायची आपल्याला सवय लागली आहे. बागेचा फायदा असा कोरून ठेवता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तो दिसतही नाही.

आता जिल्ह्याकडे वळू. शेगावला गजानन महाराजांचे मंदिर आहे. तिथली स्वच्छता आणि शिस्त यांचे दाखले महाराष्ट्रभर दिले जातात. शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात संस्थानने आनंदसागर उभारला. पाण्याची ओरड असलेल्या भागात तलाव, झाडी आणि ध्यानकेंद्र उभे करून दाखवणे हे लहान काम नव्हते. लोणारला उल्केच्या आघाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. 2020 मध्ये तिथले सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. बुलढाणा-खामगाव रस्त्याला ज्ञानगंगा अभयारण्य लागते. सिंदखेडराजात राजवाडा, रंगमहाल, काळा कोट, लखुजीरावांची समाधी, पुतळा बारव, मोती तलाव, चांदणी तलाव. एवढे वैभव फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आले असेल.

यातली प्रत्येक जागा मात्र येणाऱ्याकडून काही ना काही मागते. मंदिर भक्ती मागते, आणि ते रास्तच आहे. अभयारण्य परवानगी मागते. स्मारक आदर मागते आणि फोटो काढून झाला की पुढे सरकायला सांगते. पर्यटनस्थळ पैसे मागते. या जागांना मी नावे ठेवत नाही. पण त्यांपैकी एकही जागा गावातल्या माणसाच्या मंगळवार संध्याकाळची नाही. वर्षातून दोनदा जायची जागा आणि रोज जायची जागा या वेगवेगळ्या गरजा आहेत. पहिलीची श्रीमंती दाखवून दुसरीची गरिबी झाकता येणार नाही.

रोजची जागा नसली की लोक काय करतात, ते बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या बसस्टँडवर दिसते. खेड्यावरून आलेल्या बाया दुपारीच बाजार आटोपतात. गावाकडची एसटी संध्याकाळी. मधले तीन-चार तास त्या फलाटाच्या कडेला पिशव्या मांडीशी घेऊन बसतात. कोणी लेकराला पाजते, कोणी शेंगा सोलते, कोणी पदर डोक्याखाली घेऊन पिशवीला टेकते. पुरुष मंडळी टपरीवर जातात, पानठेल्यावर जातात, ओळखीच्या कृषी केंद्राच्या बाकड्यावर बसतात. बाईला टपरी नाही, ठेला नाही. तिच्यासाठी गावात दोनच जागा उरतात: देऊळ आणि बसस्टँड. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात, मागून ट्रकचे दिवे येतात तेव्हा साइडपट्टीवर उतरतात. स्पर्धा परीक्षेवाले महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. ज्याच्याजवळ तेवढे पैसे नाहीत त्याने चर्नी रोडची बाग कुठे शोधायची?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: खेड्यापाड्याच्या जिल्ह्याला बाग कशाला? चहूकडे शेतेच आहेत, गावात पार आहे, चावडी आहे, देवळाचा ओटा आहे. आक्षेप वरवर खरा वाटतो. पण शेत मालकाचे असते, आणि भूमिहीनाला ते मोलमजुरीचे ठिकाण असते. पारावर कोणी बसायचे, कोणी उभे राहायचे आणि कोणी खालमानेने पुढून जायचे याचे नियम कुठे लिहिलेले नसतात, म्हणूनच ते पक्के असतात. पारावर निवांत बसलेली बाई मला कुणी दाखवावी. आपल्या परंपरेत एकत्र जमण्याच्या जागा होत्या, पण अनोळखी माणसाला बरोबरीने बसवणारी जागा जवळपास नव्हती. राजांच्या आणि सुलतानांच्या बागा भिंतीआड होत्या. अशी जागा तयार करण्याचा आग्रह आधुनिक आहे, आणि आपण तो राज्यघटनेत लिहून ठेवला आहे. अनुच्छेद 15 (2) मध्ये विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या जोडीला सरकारी खर्चाने राखलेल्या, सर्वांनी जाण्यायेण्याच्या जागांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तिथे कोणाला मज्जाव करता येत नाही. हक्क लिहिला गेला. पण जागाच नसेल तर हक्क बजावायचा कुठे?

दुसरा आक्षेप पाण्याचा. उन्हाळ्यात जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते तिथे बागेला पाणी घालायचे? हा आक्षेप खोटा नाही. मात्र तो लागू पडतो हिरवळीला. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लॉन येते. हे लॉन इंग्लंडच्या पावसाळी हवेतले. आपल्याकडे त्याला रोज पाणी लागते, एप्रिल-मेच्या दुपारी त्यावर कोणी बसू शकत नाही, आणि एवढे करून तिथे पाटी लागते: ‘हिरवळीवर बसू नये.’ विदर्भातल्या बागेला आधी सावली हवी. कडुनिंब, चिंच, उंबर, पिंपळ, पळस, अंजन ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे जपली की पुढे आपली आपण उभी राहतात. त्यांच्याखाली मातीची जमीन, बसायला दगडी ओटे, प्यायला पाणी आणि बायांसाठी स्वच्छ संडास-मुतारी एवढे असले की झाली बाग. कारंज्याचा पंप जळला, सेल्फी पॉइंटचे दिवे गेले, अशी रड त्या बागेत उरत नाही. सिंदखेडराजाचा मोती तलाव बांधणाऱ्यांना या मुलखात पाणी कसे अडवावे हे कळत होते. त्याच गावात आपण टँकरवर जगणारी हिरवळ करू लागलो, तर त्यांच्याकडून काहीच शिकलो नाही असे होईल.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. बागेत ‘प्रकार’ चालतात. दारुडे बसतात, पत्ते खेळतात, जोडपी येतात. त्यापेक्षा कुलूप बरे. कुलपाने मात्र दारुडा अडत नाही, तो भिंतीवरून उडी मारतो. अडते ती पोर, अडते ती म्हातारी. बाग भरलेली असली की ती आपोआप राखली जाते. ओस पडली की बिघडते. सकाळी चालणारे, दुपारी वाचणारे, संध्याकाळी लेकरे खेळवणारे असतील तर वेगळा पहारा फारसा लागत नाही. आणि दोन तरुण माणसे बाकावर बोलत बसली म्हणून समाज बुडतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ती पोरे मग कुठे जातात याचाही विचार करावा.

मुळात जागाच कुठे आहे, असेही विचारले जाईल. जागा आहे. शेती अकृषक करून प्लॉट पाडताना मोकळी जागा सोडावीच लागते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा खुली ठेवायची असते. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशी विदर्भातली शहरे गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाढली ती लेआऊटनीच. म्हणजे प्रत्येक नगरात, प्रत्येक कॉलनीत ‘ओपन स्पेस’ नावाचा एक तुकडा नकाशावर आहे. प्रत्यक्षात तिथे काय दिसते? एका कोपऱ्यात छोटे मंदिर, पुढे त्याचा सभामंडप, मग कुंपण, मग समितीचे कुलूप. नाहीतर समाजभवन, नाहीतर गंजलेली ओपन जिम आणि गाजरगवत. यात कोणा एकाची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. मोकळी जागा म्हणजे वाया चाललेली जागा, हे आपल्या सर्वांच्या हाडीमाशी खिळलेले आहे. रिकामे काही दिसले की त्यात काही तरी बांधल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

कायद्याने या सवयीला एकदा ठणकावून उत्तर दिले आहे. बंगळूरच्या सदाशिवनगरात बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय वाईट असते असे कोणाचेच म्हणणे नव्हते. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला: बागेची जागा बागेचीच, दुसरे काम कितीही चांगले असले तरी तिथे नाही. हा निकाल प्रत्येक नगर परिषदेच्या सभागृहात लावून ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्याच 1965 च्या नगरपरिषद कायद्यात बागा करणे हे ऐच्छिक कामांमध्ये मोडते. दिवाबत्ती, पाणी, झाडलोट आवश्यक, बाग मर्जीची. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तरी ऐच्छिकपणाचा शिक्का पुसला गेलेला नाही. तिजोरीत खडखडाट असलेली नगर परिषद ऐच्छिक काम कशाला हाती घेईल? घेतलेच तर कंत्राट निघेल असे घेईल, म्हणजे कारंजे आणि पुतळा. झाड लावण्यात बिल लहान असते.

जागा मिळवून भागत नाही, ती सुधारणेपासूनही राखावी लागते. राणीच्या बागेत तीन हजारांवर झाडे आहेत. गोरखचिंच आहे, उर्वशीसारखा दुर्मीळ वृक्ष आहे, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही 1965 पासून तिथेच मुक्कामाला आहे. अशा बागेचे 2007 च्या सुमारास परदेशी थाटाचे प्राणिसंग्रहालय करण्याची कोट्यवधींची योजना निघाली. ती झाडांच्या मुळावर येणार हे ओळखून काही मुंबईकर बायांनी पुढाकार घेतला, झाडन् झाड मोजले आणि वर्षानुवर्षे लढा देऊन त्या योजनेला वेसण घातली. तरीही पुढे पेंग्विन आले आणि त्यांच्यामागून, 2017 मध्ये, तिकीट पाच रुपयांवरून पन्नासावर गेले. आईबाप आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून शंभर रुपये. मुंबईच्या मानाने ही रक्कम किरकोळ, असे सांगितले जाते. पण पेंग्विन पाहायला वर्षातून एकदा येणाऱ्याचा हिशेब आणि रोज संध्याकाळी झाडाखाली बसायला येणाऱ्याचा हिशेब एकच कसा असेल? जगातल्या सुरुवातीच्या सार्वजनिक बागांपैकी एक, इंग्लंडमधल्या डर्बीची, 1840 मध्ये खुली झाली. आठवड्यातले दोन दिवस फुकट आणि बाकीचे दिवस तिकीट, असा तिचा नियम होता. 1882 मध्ये तिथले तिकीट कायमचे गेले. तिकडे बाग तिकिटाकडून मोकळीकीकडे गेली. आपण उलट्या वाटेने चाललो आहोत.

सिंदखेडराजाच्या बाबतीत हा धोका समोरच उभा आहे. राजवाड्यासमोर नगरपालिकेने केलेला बगीचा आहे. गावाच्या विकास आराखड्याची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. समृद्धी महामार्गावरून उतरून आलेला पर्यटक तासाभरात सगळे पाहून परत गाडीत बसू शकतो. तेव्हा जे काही होईल ते त्या तासाभराच्या पाहुण्यासाठी होण्याची शक्यता अधिक: मोठे वाहनतळ, प्रकाशयोजना, तिकीटखिडकी. स्मारके जपावीत, पाहुणे यावेत, गावाला रोजगार मिळावा, यात दुमत नाही. पण या गावात चारशे वर्षांपूर्वी तलाव आणि बारवा झाल्या त्या लोकांच्या तहानेसाठी. त्याच न्यायाने आराखड्यातल्या प्रत्येक बागेला तीन प्रश्न विचारावेत. फुकट आहे का? भर दुपारी सावली आहे का? बाजाराला आलेली एकटी बाई तिथे कोणाला न सांगता, न विचारता दोन तास बसू शकेल का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर बागेला जिजाऊंचे नाव द्यावे. एकही ‘नाही’ असेल तर नाव देण्याची घाई करू नये.

12 जानेवारीला सिंदखेडराजात माणूस मावत नाही. राज्यभरातून लोक येतात, भाषणे होतात, जिजाऊंच्या लेकींचा जयजयकार होतो. त्या दिवसाची व्यवस्था करायला शासन आणि संघटना समर्थ आहेत. 13 जानेवारीपासून पुढचे वर्षभर गावातल्या आणि शिवारातल्या बायांनी, पोरांनी, म्हाताऱ्यांनी बिनकामाचे कुठे बसायचे, हे कोणी ठरवलेले नाही. विकासाचा हिशेब तिथून मांडायला घ्यावा.